साप्ताहिक हप्ता की सुगीनंतरची फेड?

शेतीसाठी मायक्रोफायनान्सचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणारं छोटं कर्ज घ्यायचं ठरलं असेल, तर व्याजदराआधी फेड कधी करायची ते विचारा. आम्ही दोन्ही प्रकार वापरलेत. पहिलं कर्ज पत्नीच्या नावावर, गटातून, साप्ताहिक हप्त्याचं. दुसरं वेगळ्या संस्थेचं, सुगीनंतर फेडायचं.

गटाचं कर्ज सहज मिळतं, हे मान्य. तारण लागत नाही, बाकीच्या चौघींची हमी पुरते. 1976 मध्ये बांगलादेशातल्या जोब्रा गावात अर्थशास्त्रज्ञ मुहम्मद युनूस यांनी केलेल्या प्रयोगातून गरिबांना छोटी कर्जं देणारी तिथली ग्रामीण बँक उभी राहिली. पाच जणांचा गट, वर्षभराचं कर्ज, दर आठवड्याला हप्ता ही तिची रीत पुढे अनेक देशांनी उचलली. किरकोळ विक्री, शिवणकाम असल्या रोज पैसा फिरणाऱ्या धंद्याला ती छान बसते.

आमचं घोडं तिथेच अडलं. पैसे हातात पडले आणि पुढच्याच आठवड्यात पहिला हप्ता. बियाणं नीट उगवलंही नव्हतं. हप्ते 50 आणि पीक चार महिन्यांचं धरा: मळणीपर्यंत 16 हप्ते जातात, म्हणजे घरात दाणा येण्याआधीच जवळपास एक तृतीयांश कर्ज परत. ते भरायचे कुठून? आम्ही कर्जातलेच पैसे डब्यात बाजूला ठेवले आणि खताची दुसरी मात्रा राहून गेली. जो पैसा शेतात गेलाच नाही, त्याचंही व्याज भरलं. त्यात व्याज सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर. असा 12 टक्के दर वर्षभराच्या मासिक हप्त्यांत घटत्या शिलकीवर, म्हणजे दर वेळी उरलेल्या मुद्दलावर मोजला, तर 21 टक्क्यांच्या वर जातो. ऐन खुरपणीत हप्ता भरायला गटाच्या बैठकीला जावं लागायचं ते वेगळंच.

सुगीच्या कर्जालाही दुखणी आहेत. चौकशी जास्त, आमच्या बाबतीत दरही थोडा चढा. रक्कम मोठी असल्यामुळे मळणी झाली की माल लगेच विकायला काढावा लागतो, आणि सगळ्यांचा माल तेव्हाच बाजारात येऊन भाव पडतो. पीक गेलं तर सगळं एकदम अंगावर. गटात निदान एखादा हप्ता कुणी सांभाळून घेतं.

तरी माझा कल सुगीच्या कर्जाकडेच. 2006 मध्ये केनियात सुरू झालेली वन एकर फंड ही संस्था बियाणं-खत उधारीवर देते. शेवटची तारीख ठरलेली, मधे जमेल तेव्हा जमेल तेवढं भरायचं. आमच्या संस्थेनेही अशी मुभा दिली होती. मजुरीचे पैसे आले की थोडे भरत गेलो, सुगीला निम्माच भार उरला.

घरात दर आठवड्याला दुधाचे किंवा भाजीचे पैसे येत असतील, तर गटाचं कर्ज कदाचित तुम्हाला सोयीचं पडेल. सगळी भिस्त एका पिकावर असेल तर मी सुगीचं घेईन. फक्त सहीआधी, शेवटची तारीख मळणीनंतर किती दिवसांनी येते ते बघा. आम्हाला पहिल्या वर्षी 15 दिवस मिळाले होते, दुसऱ्या वर्षी दोन महिने मागून घेतले.