बोरच्या पाण्यात बाळाचे लंगोट: वडी, पावडर, लिक्विड की रिठा?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आलेली माझी धाकटी बहीण यंदा परत गेली नाही, बाळंतपणासाठी माहेरीच थांबली. पुण्याहून येताना तिने बाळाच्या कपड्यांसाठी खास लिक्विडच्या दोन बाटल्या आणल्या. इकडे मायने फळीवर साबणाच्या चार वड्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. वहिनीचं म्हणणं, घरात पावडरची पाच किलोची पिशवी असताना वेगळे लाड कशाला? निवाडा माझ्याकडे आला, कारण दोन बाळंतपणं मी याच घरात, याच पाण्यावर काढली आहेत. मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "पानी कसं शे, ते पहिले देख."

मायला रसायनशास्त्र येत नाही, पण मुद्दा तिचाच खरा. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. नळ येईल तेव्हा नळाचं, एरवी सगळं बोरवर. बोरच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, आणि पाणी तापवायच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. तुमच्याकडेही असं होत असेल, तर पाणी जड आहे असं समजा. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. पुण्यात खडकवासल्याचं पाणी त्यामानाने हलकं, म्हणून तिकडे जे चाललं ते इकडे तसंच चालेल असं नाही. खात्री करायची असेल तर बाटलीभर पाण्यात साबणाच्या वडीचा कीस टाकून हलवा. फेस न येता दुधाळ साका धरला, की उत्तर मिळालं. हे मात्र वडीनेच करायचं. पावडरला जड पाण्यातही फेस येतो, त्यामुळे तिच्याने काही कळत नाही.

वडीची अडचण तिथेच आहे. तेलातुपापासून बनलेला खरा साबण जड पाण्यातल्या क्षारांशी जुळून न विरघळणारा साका तयार करतो, आणि तो कापडात अडकतो. पंधरा दिवसांत दुपटी करडी दिसायला लागतात. लंगोट कडक होतात आणि पाणीही नीट शोषत नाहीत. वडीशी माझं वैर नाही. ज्या अमळनेरात 1945 साली विप्रोची सुरुवात तेलाच्या गिरणीने झाली आणि तिथला 787 नावाचा कपड्यांचा साबण निघाला, त्या तालुक्यात वडीला नावं ठेवणं बरंही दिसत नाही. पाणी हलकं असेल तर बिनवासाची साधी वडी बाळाला उत्तम. वाघूर धरणाचं नळाचं पाणी मिळणाऱ्या जळगावच्या मैत्रिणींनी आधी ती बाटलीची परीक्षा घ्यावी, मग वडी बाद करावी.

पावडर जड पाण्यात वडीपेक्षा बरी धुते, कारण तिचा साका होत नाही. पण स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. शिवाय बहुतेक पावडरींत वास असतो आणि कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चकाकी देणारं द्रव्यही. ते द्रव्य कापडावर टिकून राहावं म्हणूनच घातलेलं असतं, खंगाळून जात नाही. त्याने बाळाला अपाय होतोच असं मी म्हणत नाही, पण बाळाच्या झबल्याला ती चकाकी हवीच कशाला? वास हे मात्र कातडी चिडण्याचं नेहमीचं कारण आहे. माझ्या पहिल्या वेळी घाईत पावडर थेट लंगोटांवर भुरभुरली गेली, दाणे न विरघळता शिवणीत बसले, आणि पोराच्या मांड्यांवर लाल रेघा उठल्या. चूक माझीच होती. पावडर वापरायचीच असेल तर आधी बादलीत पूर्ण विरघळवा, निम्मं माप घ्या आणि एक पाणी जास्त खंगाळा.

ते एक जास्तीचं पाणीच खरी गोम आहे. मे महिन्यात बोर आटत आलेला असतो, टँकरची वाट बघायची असते, आणि बाळ दिवसाला पंधरा-वीस लंगोट काढतं. तेव्हा कोणता साबण जास्त स्वच्छ धुतो यापेक्षा कोणता कमी पाण्यात निघून जातो हे महत्त्वाचं ठरतं. कमी फेसाचं लिक्विड इथे सरळ पुढे जातं. ते पूर्ण विरघळतं, जड पाण्याला फारसं घाबरत नाही आणि दोन पाण्यांत सुटतं. सुटलं की नाही हे बोटांना कळतं. पिळताना कापड बुळबुळीत लागलं, तर साबण अजून आत आहे.

आता बहिणीच्या बाटलीकडे येऊ. बाळाचा फोटो आणि फिकट रंग पाहून तिने ती घेतली, यात तिचा दोष नाही. पण चित्राने काही ठरत नाही. मी चिंधीवर हळदीचं बोट ओढून वाळवलं आणि प्रत्येकाच्या पाण्याचा थेंब टाकला. हळद अल्कलीत, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारख्या कातडीला कडक पदार्थात लाल होते, हे हळदीच्या डागाला साबण लावलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. वडीने हळद कुंकवासारखी लाल केली, पावडरीने त्याहून गडद. मशीनच्या साध्या लिक्विडने ती जरा तांबूस झाली. बहिणीच्या लिक्विडने पिवळीच राहिली, आणि स्वेटर धुण्याच्या लिक्विडनेही पिवळीच! म्हणजे सौम्यपणासाठीच पैसे मोजत असाल, तर ते लोकरीच्या कपड्यांच्या लिक्विडमध्येही मिळतं. बहिणीच्या बाटलीला मात्र मंद गोड वास होता, तो मला खटकला. बाटलीवर 'वासविरहित' असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. नुसता वास येत नाही एवढ्यावर जाऊ नका, कधी मूळ वास झाकण्यासाठीही सुगंध घातलेला असतो. आणि लिटरचा भाव बघू नका, एका बादलीला किती झाकणं लागतात ते बघा. महाग बाटली त्या हिशेबात कधी स्वस्त पडते, कधी फारच महाग.

एन्झाइम असलेलं लिक्विड घ्यावं का? दुधाचे आणि शीचे डाग प्रथिनांचे असतात, आणि एन्झाइम नेमकी तीच तोडतात. नीट खंगाळलं तर सुती कपड्यांना घाबरायचं कारण मला दिसत नाही. लोकरीच्या टोपऱ्याला आणि रेशमी कुंचीला मात्र ते लावू नका, कारण लोकर आणि रेशीमही प्रथिनंच आहेत. डाग पडलेला लंगोट आधी गार पाण्यात भिजवा. कढत पाण्यात टाकला की डाग पक्का बसतो. मायची पिढी सगळं उकळायची, आणि डाग का जात नाहीत म्हणून लंगोटांवर चिडायची. त्यानंतर खान्देशचं ऊन आहेच. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळेपणा बराचसा बिलिरुबिनचा, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या द्रव्याचा असतो, आणि उजेडात बिलिरुबिन विरतं. काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याचसाठी. अंगणातल्या दोरीवर दुपार गेली की जो डाग कोणत्याच साबणाने हलला नाही, तो फिका होतो.

रिठ्याबद्दल आजीकडून आलेल्या सगळ्या गोष्टी मी विकत घेत नाही. हळद त्याने पिवळीच राहते, जड पाण्यात साकाही होत नाही, हे खरं. पण मालिशच्या तेलाचे थर तो काढत नाही. महिनाभरात झबल्यांना खवट वास येतो. पांढऱ्या कपड्यांवर तांबूस झाक येते, काढा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो, आणि डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. झाडाचं आहे म्हणून आपोआप सौम्य होत नाही.

नीळ, सुगंधी कंडिशनर आणि जंतुनाशकाची झाकणं तिघांनाही रजा द्या. कंडिशनरने लंगोटाची शोषण्याची ताकद जाते, जंतुनाशकाने कातडी चिडू शकते. उन्हात वाळलेल्या धुतल्या कपड्याला आणखी काही लागत नाही.

आणि पहिल्या आठवड्यात अंगावर लाल पुरळ आलं की लगेच बाटली बदलायला धावू नका. धडधाकट नवजात बाळांना असं पुरळ पुष्कळदा येतं आणि आपोआप जातं. मे महिन्यात घामोळं वेगळंच. लंगोटाच्या जागेचा लालपणा बहुधा ओल आणि शी-शूमुळे असतो. पू दिसला, ताप आला किंवा बाळ पिईना, तर मात्र साबणाची चर्चा थांबवून डॉक्टर गाठा.

आमच्या घरी असं ठरलं: रोजच्या लंगोट-दुपट्यांना कमी फेसाचं बिनवासाचं लिक्विड, टोपरी-स्वेटरला लोकरीचं लिक्विड, वड्या मायच्या लुगड्यांना, पावडर वहिनीच्या ताब्यात. बहिणीच्या गोड वासाच्या बाटल्या माझ्या पोरांच्या शाळेच्या कपड्यांना कामी आल्या.

एवढं झाल्यावर मायने पलंगाखालची पेटी ओढली. माझ्या पोरांची झबली तिने घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून जपून ठेवली होती. ती मी बाळासाठी घेऊ दिली नाहीत. त्या गोळ्यांतलं नॅफ्थलीन कापडात मुरतं, आणि जी-6-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी त्याने फुटून कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. कमतरता आहे की नाही हे बाळाकडे बघून कळत नाही, आणि एक-दोनदा धुऊन, उन्हात टाकून नॅफ्थलीन पुरतं जातं असंही नाही. माय तासभर गप्प होती. मग उठून तिने तिची जुनी सुती पातळं काढली आणि नव्या दुपट्यांसाठी फाडायला बसली.