वॉटर पार्कचा वर्षाचा पास: अकरा फेऱ्यांनंतर

फेब्रुवारीत वॉटर पार्कचा वर्षाचा फॅमिली पास काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि तुम्ही पैसे देऊन पाण्यात खेळायला जाणार!" त्यांचं काही चुकत नव्हतं. पण सुट्टीत पोरांना न्यायचं कुठं? बेंगळूरचं वंडरला २००५ पासून आहे, खोपोलीचं इमॅजिका २०१३ पासून. आमच्या बेळगावच्या वडगावातून बेंगळूर पाचशे किलोमीटर, आणि खोपोली तर पुण्याच्याही पुढं. हे पार्क तासाभरात येतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातल्या तिघा-चौघांचं पोट त्याच पार्कावर आहे.

नोव्हेंबर संपत आला. एकूण अकरा फेऱ्या झाल्या, त्यातली एक शाळेची सहल. राइड्स कशा आहेत ते पोरांना विचारा. मी बघत होते स्वच्छता आणि माणसं, आणि अकरा फेऱ्यांनंतर एवढं नक्की सांगते की तिथं एकाच तिकिटात दोन पार्कं आहेत. एक सकाळी दहाला उघडतं, दुसरं दुपारी तीनला.

दहाचं पार्क छान. फरशी पुसलेली, पायऱ्या घासलेल्या, चेंजिंग रूममध्ये फिनेलचा वास. लॉकरवरची पोरगी किल्लीचं रबर आपल्या हातानं मनगटात चढवून देते, वर "घट्ट हुतंय काय?" म्हणून विचारते. तीनला त्याच चेंजिंग रूममध्ये जा. जाळीवर केसांचा गुंता, त्यात शाम्पूच्या फाडलेल्या पुड्या, पाणी घोट्यापर्यंत. खुंटीवर कुणाचीतरी ओली लेगिंग्ज. चारातल्या दोन दारांना कडी नाही, म्हणून आत एक आणि बाहेर दार धरून एक अशी जोडी. परवा सहलीला मुलींची रांग लागली तेव्हा निम्मा वेळ मी दारच धरून उभी होते.

मे महिन्यातली गोष्ट. संडासाच्या दारामागं तक्ता लावलाय, तासातासाला सफाई करून सही करायची. मी तीन वीसला आत गेले, तर चार आणि पाचच्या रकान्यातसुद्धा सह्या! एकाच पेनानं, एकाच बैठकीत. बाहेर मावशी बादली घेऊन उभी होती. विचारलं, तर हसली. "साहेब दोन वाजताच फोटो काडून पाटवत्यात. मग चारची सही मी कवा करू?" बायकांचे संडास, चेंजिंग रूम आणि फूड कोर्टाची टेबलं, सगळं तिच्या एकटीवर. जेवायला गेली की जागेवर दुसरं कुणी नाही. बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. दोन फिनेलच्या कॅनवर फळी टाकून ती बसायची. एक बाई नाक मुरडून तिला बरंच बोलून गेली. मावशीनं उलट उत्तर दिलं नाही, पण पुढचा अर्धा तास जी येईल तिच्यावर खेकसत राहिली. मीही त्यात सापडले.

पाण्याचं वेगळं सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं इथं जरा लांबण लागेल. मेमध्येच वेव्ह पूलजवळ वास इतका उग्र होता की डोळे चुरचुरत होते. शेजारचे गृहस्थ खुशीत म्हणाले, "औषध भरपूर घातलंय, पाणी एकदम क्लीन." उलटं आहे. औषध म्हणजे क्लोरीन, आणि कशाशी न जुळलेल्या मोकळ्या क्लोरीनला एवढा वास येत नाही. माणसांचा घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन होतं, आणि नाकात जातो तो त्याचा वास. म्हणजे वास वाढला की समजावं, पाण्यावर माणसांचा भार जास्त झालाय.

पंप बघणाऱ्या काकांना हे विचारलं. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी उलट खोलीत बोलावलं, काचेच्या दोन नळ्या भरल्या. एकीत थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. दुसरीत लालसर, तो पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप. "सात दोन ते सात आठच्या मदी ठेवतो बगा." मी म्हटलं, पिवळ्या रंगाच्या चाचणीत एकूण क्लोरीन कळतो, त्यातला मोकळा किती ते कळत नाही, त्याला गुलाबी रंग येणारी चाचणी लागते. काका म्हणाले, "मागून घेतलंय मॅडम, दोन वेळा. येतंय म्हणत्यात." ते अजून आलेलं नाही. पण अकरा फेऱ्यांत पूलचा तळ दिसला नाही असं एकदाही झालं नाही, आणि त्याचं श्रेय मी काकांना देते. रविवारी गर्दी झाली तरी वाळूच्या फिल्टरमधून उलट्या दिशेनं पाणी सोडून तो धुतल्याशिवाय ते घरी जात नाहीत.

यातच नायलॉनच्या कपड्यांची भानगड येते. पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतात, ही सूचना गेटवर कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड पाटी असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण निम्मी गर्दी निपाणी, खानापूर, चंदगड, गडहिंग्लजकडची. आणि ज्या आजींना फक्त मराठी वाचता येतं त्यांना पाण्यात उतरल्यावर शिट्टी ऐकू येते. एप्रिलमध्ये माझ्यासमोर एका लाइफगार्डनं सुती नऊवारीतल्या आजीला ओरडून सांगितलं, "ए मावशी, भायेर ये! रूल हाय!" सगळे बघायला लागले. आजी पदर सावरत काठावर आली आणि दिवसभर पुन्हा पाण्याकडं फिरकली नाही. तिकीट मात्र पूर्ण.

तीच गोष्ट लॉकरवरची पोरगी कशी सांगते ते ऐका. घरी ती कन्नड बोलते, मराठी आमच्यासारखीच. सासूबाईंना म्हणाली, "अज्जी, ह्या साडीचं सूत सुटतंय की ओ. फिल्टरात जाऊन बसतंय. आनि वल्ली झाली की पायात गुतत्या, पडशीला." सासूबाईंची सगळी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली. सुताचा भुगा कुठं कुठं जाऊन बसतो हे त्यांना कुणी शिकवायला नको. लगेच म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की गं!" आणि भाड्याचा नायलॉनचा ड्रेस घालून पाण्यात गेल्या. तो ड्रेस धुतलेला होता, पण वाळलेला नव्हता. भाड्याच्या कपड्यांना कायम तो कोंदट वास असतो. तेव्हापासून आम्ही घरचेच नेतो.

लाइफगार्डची बाजूही लिहिते. आसपासच्या गावातली वीस-बावीस वर्षांची पोरं. मे महिन्याच्या उन्हात एका छत्रीखाली दोघं, तीही फाटकी. जुलैत पावसात आम्ही गेलो तेव्हा पार्कात माणूस नव्हतं, आणि लेझी रिव्हरच्या पायरीवर हिरवं शेवाळ धरलं होतं. माझा मुलगा तिथं घसरला, हनुवटी फुटली. मी धावायच्या आत त्याच ओरडणाऱ्या पोरानं त्याला उचललं, बर्फ लावला, दाबून धरला आणि गाडी येईपर्यंत मांडीवर घेऊन बसला. दोन टाके पडले. पुढच्या फेरीला पायरीवर खरखरीत रंग मारलेला होता. शेवाळ आधीच घासलं असतं तर टाके वाचले असते, हे मी मॅनेजरना तोंडावर सांगितलं. तक्रारवही मागितली तर ती कपाटात, आणि किल्ली त्यांच्याच खिशात.

गेटवरच्या पिशव्या तपासण्याचा त्रास मात्र शेवटपर्यंत गेला नाही. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांना वेळेवर भाकरी लागते. आतल्या फूड कोर्टात गोबी मंचुरी आणि पांढरा पाव. पहिल्या तीन वेळा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवूनही वाद झाला. एकानं तर डबा उघडून पिठल्याचा वास घेऊन बघितला. चौथ्या वेळी एक वयस्क सिक्युरिटीवाले होते. ते चिठ्ठी न बघताच म्हणाले, "शुगरचे अज्जा न्हवं? बर्री, बर्री." म्हणजे या, या. त्यांची ड्यूटी असली की आम्ही सुटतो. नवा माणूस असला की पुन्हा पहिल्यापासून.

ऑक्टोबरपासून थोडा फरक आहे. रविवारी दुसरी मावशी असते, पहिलीला प्लास्टिकची खुर्ची मिळाली आहे, आणि नायलॉनची सूचना मराठीत लिहून सेलोटेपनं चिकटवली आहे. अक्षर लॉकरवरच्या पोरीचं असावं. कड्या अजून बसवलेल्या नाहीत.

पास पुन्हा काढणार का? काढणार, पण रविवारसाठी नाही. मंगळवार-बुधवारी दहाला आत, अडीचला बाहेर. तुम्ही जाणार असाल तर लॉकरच्या डिपॉझिटची पावती पिशवीत घालून लॉकरमध्येच ठेवा. माझी परवा ओली झाली, तिचा नुसता लगदा उरला, आणि काउंटरवरचा पोरगा तो लगदा उन्हाला धरून नंबर वाचायला बघत होता. शेवटचे दोन आकडे काही लागले नाहीत.