डबल बेसच्या पहिल्या तारा: बडोद्यात नऊ महिने वापरल्यानंतर

डबल बेस म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं, माणसाएवढं, खर्जाचं वाद्य. बेस नवा आहे, गज न घेता बोटाने छेडूनच वाजवायचं आहे आणि कारखान्यातून आलेल्या तारा बोटं सोलून काढतायत. अशा वेळी पहिला संच कुठला घ्यावा, याचा हा अनुभव आहे. थ्री-फोर्थ मापाचे दोन प्लायवूडचे बेस होते. एकावर डॅडारिओ कंपनीचा हेलिकोर हायब्रिड लाइट (कमी ताणाचा) चढवला, दुसऱ्यावर थोमास्टिक कंपनीचा स्पायरोकोर वाइश (तोही कमी ताणाचा). फेब्रुवारी ते ऑक्टोबर, रोज दीड-दोन तास वाजवले. खोली दांडिया बाजारातली, एसी नसलेली. त्यामुळे मे महिन्याची कोरडी काहिली आणि श्रावणातला दमटपणा दोन्ही संचांनी पुरते सोसले.

आमचं मत आधीच सांगतो: आवाज स्पायरोकोरचा जास्त आवडला, पण शिकणाऱ्याने पहिला संच हेलिकोर हायब्रिड लाइट घ्यावा.

कारण सूर. बेसला पडदे नसतात. छेडलेल्या खर्जातला बेसूर शिकणाऱ्याच्या कानाला लवकर कळत नाही, कारण तार बोलते आणि विरते. तोच स्वर गजाने लांबवला की जराशी चूकही उघडी पडते. म्हणून कार्यक्रमात कधी गज धरायचा नसला तरी सरावात रोज दहा-पंधरा मिनिटं तो हवाच. हेलिकोर हायब्रिड गज बिनतक्रार घेते. स्पायरोकोर मात्र गजाखाली किंचाळते, ती ताब्यात यायला हात मुरलेला लागतो. हेलिकोरचाच ‘पिझिकाटो’, म्हणजे बोटाने छेडणं, या नावाचा संचही मिळतो. नाव बघून नवखे तोच उचलतात, पण गजाला तो हायब्रिडइतका सोपा नाही.

मागवताना तीन ठिकाणी फसगत होते. संचावर ‘सोलो’ लिहिलं असेल तर तो एक पूर्ण स्वर वर लावायचा संच असतो. तो नेहमीच्या ई-ए-डी-जीत, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून पातळ तारेपर्यंतच्या चार स्वरांत, उतरवला की तारा लोंबकळतात. ‘ऑर्केस्ट्रा’ लिहिलेलाच घ्या. माप थ्री-फोर्थ आहे ना, ते पाहा. नटपासून, म्हणजे खुंट्यांपाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीपर्यंत, साधारण १०५ सेंटिमीटर भरले की बेस त्याच मापाचा समजा. इलेक्ट्रिक बेस गिटारच्या तारा तर नकोच, त्या ८६ सेंटिमीटरच्या हिशेबाने केलेल्या असतात, पुरणारच नाहीत. आणखी एक, फोनवर व्हिडिओ ऐकून तारा निवडू नका. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. फोनच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेरच पडत नाही, ऐकू येतात ते फक्त वरचे स्वरांश.

आता मुख्य मुद्दा: तारांची उंची. बोटं सोलण्याचा दोष निम्म्या वेळा तारांचा नसतोच. तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीच्या, म्हणजे फिंगरबोर्डच्या, ब्रिजकडच्या टोकाशी स्टीलची पट्टी उभी धरून मोजा. जी तारेखाली ६ मिलिमीटर आणि ई तारेखाली ९, इथून सुरुवात करावी. हात बसला की जी ५ आणि ई ८ पर्यंत आणता येते. दुसऱ्या टोकाला, नटपाशी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. तिथे तार उंच असेल तर ई तारेवरचा पहिला एफ दाबतानाच मनगट भरून येतं, आणि मग कितीही महागडा संच लावा, उपयोग शून्य. नटच्या खाचा खोल करणं मात्र जाणकार कारागिराकडूनच. कानस एकदा जास्त फिरली की मोकळी तार खरखरते आणि नट बदलावा लागतो.

तारा एकेकच बदलायच्या. चारही एकदम काढल्या की आतला साउंडपोस्ट, म्हणजे पुढच्या आणि मागच्या फळीमध्ये उभा केलेला लाकडी दांडका, आडवा पडतो. तो चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो. जुनी तार निघाली की नटच्या आणि ब्रिजच्या खाचेत मऊ, ६बी पेन्सिल दोन-चारदा फिरवा. खाच काळी, गुळगुळीत झाली की तार अडकत नाही. आवाज देणाऱ्या भागात तार कुठेही मुडपू देऊ नका, मुडपलेली तार कधीच नीट सुरात बोलत नाही. खुंटीवर लांबी जास्त वाटली तरी कापू नका. आत पिळलेल्या बारीक तारांचा दोर असतो, तो सुटतो. स्वर चढवताना ब्रिजचा माथा फिंगरबोर्डकडे ओढला जातो. प्रत्येक तारेनंतर बाजूने पाहा: टेलपीसकडची, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीकडची, कड बेसच्या पोटाशी, म्हणजे पुढच्या फळीशी, काटकोनात हवी. झुकली असेल तर तारा जराशा सैल करून, माथा दोन्ही हातांनी धरून हळूच मागे घ्या. आळस केला तर ब्रिज एक दिवस सपकन आडवा होतो.

पहिले तीन आठवडे कुठल्याच संचाबद्दल मत बनवू नये. तोवर स्वर उतरत राहतो. स्पायरोकोर तर इतकी झणझणते की परत करावीशी वाटते. महिन्याभरात ती झणझण बसली आणि मग ई आणि ए तारांतून जी गुरगुर निघाली, तिला तोड नाही. तंबोऱ्याची जवारी नेमकी लागली की स्वर जसा उलगडत जातो, तसाच काहीसा हा प्रकार. छेडल्यावर तो बराच वेळ तरंगत राहतो, संथ भावगीताला सुरेख. द्रुत लयीत मात्र डाव्या हाताने प्रत्येक स्वर दाबून बंद करावा लागतो, नाहीतर सगळा गिचका होतो. जी तार तुलनेने पातळ, थोडी नाकात बोलते. हेलिकोरचा स्वर गडद, गोल आणि आखूड, चारही तारा एका घरच्या वाटतात. सातव्या महिन्यापासून तिची चमक कमी झालेली जाणवली. स्पायरोकोर नवव्या महिन्यातही ताजी होती. ती वर्षानुवर्षं टिकते, यात दुमत नाही.

जुलैत दोन्ही बेसवर तारा वर आल्या, जेमतेम मिलिमीटर, पण बोटाला लगेच कळतं. दमट हवेत लाकूड फुगतं आणि पोट ब्रिजला वर ढकलतं. ब्रिजच्या पायांत फिरते स्क्रू असतील तर तारा सैल करून दोन्ही बाजूंना सारखा, अर्धा-पाऊण फेरा खाली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेवढाच परत वर. स्क्रू नसतील तर पहिला खर्च त्यावर करा, तारा नंतर. आतड्याच्या तारांचा स्वर या हवेत रोज हलतो, त्यामुळे पहिल्या संचासाठी त्या बादच. शिवाय त्यांच्यावर तारेचं कंपन टिपून ॲम्प्लिफायरकडे पाठवणारा चुंबकी पिकअपही चालत नाही, त्याला पोलाद लागतं.

वाजवून झालं की सुती फडक्याने तार खालूनही पुसा, घाम तिथेच साचतो. जुना संच टाकू नका. हातभर व्यासाच्या वेटोळ्यात, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी लावून ठेवा. बडोद्यात बेसची सुटी तार दुकानात मिळत नाही, आणि तुटते ती बहुधा जीच.