८ महिन्यांनंतर: ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि उभ्या गाडीचं तापणं

ओबीडी म्हणजे गाडीतली स्वतःची दोष-तपासणी यंत्रणा. तिचे आकडे मोबाइलवर दाखवणारा, ईएलएम३२७ चिपचा हा काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर ८ महिने मुख्यतः एकाच कामासाठी वापरलाय: धावताना ठीक असलेलं इंजिन सिग्नलला उभं राहिलं की का तापतं, हे शोधायला. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल, बीएस-४. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात हा बसतो. मोबाइलवर टॉर्क किंवा तत्सम अॅप लागतं.

डॅशबोर्डावरचा काटा या कामाला पुरत नाही. तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, ८५ अंशांना आणि १०० अंशांनाही जवळपास मधेच उभा. कित्येक लहान गाड्यांना तर काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा, आणि लाल पेटेपर्यंत उशीर झालेला असतो. स्कॅनर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) सेन्सरचा आकडा एकेका अंशाने दाखवतो. त्याची सगळी किंमत इथेच वसूल होते.

पुण्यात सिंहगड रोडवर मोकळ्या रस्त्याला आकडा ८८ ते ९०. कात्रज घाटाच्या चढावर ९३. नवले पुलाजवळ एसी लावून रांगेत उभं राहिलं की ९६, ९९, १०३, आणि गाडी हलली की दोन-तीन मिनिटांत परत ९०. एवढ्यावरून बरंच कळतं. घाटात इंजिनावर भार जास्त असूनही तापमान आवाक्यात राहतं, म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरच्या नळ्या बहुधा ठीक आहेत. धावत्या गाडीत रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत फक्त फॅनचा. तेव्हा शोध फॅनपासून सुरू करायचा. उलट हायवेवरच तापत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंप आधी बघायचे.

फॅनची तपासणी अशी. मोकळ्या जागेत, एसी बंद करून गाडी २० मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवा. निरोगी गाडीत आकडा ९६च्या आसपास जातो, फॅन लागतो, आकडा ९१-९२ वर येतो, फॅन थांबतो, आणि हे चक्र चालू राहतं. मॉडेलप्रमाणे दोन-चार अंशांचा फरक पडतो. फॅन लागलाच नाही तर फ्यूज बघा, मग रिले (फॅनला वीज देणारा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून लगेच कळतं. सेन्सरचा प्लग काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सावधगिरी म्हणून फॅन चालू करतो. तसा तो लागला तर मोटर आणि वायरिंग जिवंत आहे, संशय सेन्सरवर. या तपासणीने पी०११८ सारखा कोड (बिघाडाची नोंद) साठतो, तो स्कॅनरनेच पुसता येतो.

या गाडीत फॅन ९७ ला लागत होता, तरी आकडा चढतच होता. हा प्रकार सर्वांत फसवा. फॅन फिरताना दिसतो म्हणून सगळे पुढे जातात. बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिल्यावर मोटर अडखळत सुरू झाली आणि वेग घेईना: कार्बन ब्रश झिजलेले. शिवाय एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धुळीचा थर बसला होता. पुण्यात रस्त्यांची आणि मेट्रोची कामं बघता हे साहजिकच. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळाच्या पाण्याने धुवावा. प्रेशर वॉशरने जाळीच्या पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते.

फॅन मोटर बदलली (नाना पेठेत मिळते, जुनी सोबत न्यावी म्हणजे माउंटिंग आणि प्लग जुळतो), रेडिएटरचं झाकणही नवं, जुन्यावर छापलेल्या त्याच दाबाचं. झाकणाला कमी लेखू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दाब धरणारं झाकण आणि निम्मं कूलंट-निम्मं पाणी यांच्यामुळे १०३ ला उकळी टळते. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात. भरल्यावर हवा काढणं महत्त्वाचं: गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, थंड इंजिनावरच झाकण उघडून गाडी चालू करायची, वरचा होज अधूनमधून दाबायचा, पातळी उतरेल तसं भरायचं. बुडबुडे थांबले की झाकण लावून फॅन दोनदा लागून थांबेपर्यंत चालू ठेवा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या माथ्याखालचं सील) तपासून घ्या. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

त्यानंतर एप्रिल-मेच्या दुपारीही एसीसह उभ्या गाडीत आकडा ९७च्या वर गेलेला नाही.

गॅरेजमध्ये दोन उपाय हमखास सुचवले जातात, दोन्ही टाळा. थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि फॅनचा दोष तसाच राहतो. फॅन इग्निशनला डायरेक्ट जोडला की मोटर अखंड फिरते आणि लवकर संपते.

आता स्कॅनरच्या उणिवा. फॅनची मोटर कमजोर आहे हे ईसीएमला कळत नाही, त्यामुळे या सगळ्यात एकही कोड आला नव्हता. फक्त 'स्कॅन' दाबून उत्तर मिळेल अशी अपेक्षा नको. कूलंट गळून सेन्सर उघडा पडला तर आकडा दिशाभूल करतो, म्हणून पातळी थंड इंजिनावर डोळ्यांनी बघायचीच. सॉकेटला बॅटरीचा सततचा पुरवठा असतो, गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा. ब्लूटूथ कधीकधी तुटतं, अॅप पुन्हा सुरू करावं लागतं. जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ स्कॅनर आयफोनला जोडला जात नाही, त्यासाठी वायफाय किंवा लो एनर्जी ब्लूटूथवाला घ्या. अॅपमध्ये १०३ अंशांना आवाजाचा इशारा लावून ठेवा. तो वाजला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच गाडी बाजूला.