धूमकेतूचा फोटो: टेलिस्कोपला कॅमेरा लावावा की ट्रॅकरवर टेलिलेन्स?

धूमकेतूची बातमी आली की मला बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. घरात टेलिस्कोप आहे, त्यालाच कॅमेरा जोडावा, की छोटा ट्रॅकर (कॅमेरा ताऱ्यांच्या गतीने फिरवणारं यंत्र) घेऊन त्यावर 135 किंवा 200 एमएमची लेन्स लावावी? मी दोन्ही वापरतो. एकीकडे आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप, फोकल लेंग्थ 1000 एमएम, इक्वेटोरियल माउंटवर, म्हणजे आकाशाच्या फिरण्याबरोबर फिरणाऱ्या बैठकीवर. दुसरीकडे जेवणाच्या डब्याएवढा ट्रॅकर आणि साधा ट्रायपॉड. कॅमेरा दोन्हीकडे तोच, एपीएस-सी सेन्सरचा. पुढचं सगळं रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, अनुभवातून लिहितोय. लडाखमधून किंवा जर्मनीतून फोटो काढणाऱ्याचं मत वेगळं असू शकेल, आणि त्याला तशी कारणंही असतील.

फ्रेमचा हिशोब सरळ आहे. टेलिस्कोपमधून सुमारे 1.3 बाय 0.9 अंशांचं आकाश मिळतं, 200 एमएममध्ये 6.7 बाय 4.5, आणि 135 मध्ये दहा अंश रुंद. ऑक्टोबर 2024 मधला त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आठवा. अंधाऱ्या आकाशातल्या फोटोंत त्याची शेपटी दहा अंशांच्याही पुढे जात होती. टेलिस्कोपच्या फ्रेममध्ये त्याचं डोकं आणि शेपटीचं फक्त बूड मावतं. 14 ऑक्टोबरच्या सुमारास पृथ्वी त्याच्या कक्षेच्या प्रतलातून गेली, तेव्हा सूर्याच्या बाजूला एक बारीक सरळ रेघ निघालेली दिसली, तीच ती प्रतिशेपटी. एका बाजूला ती रेघ आणि दुसऱ्या बाजूला पसरलेली शेपटी, हे एकत्र दिसलं तरच त्या फोटोला अर्थ. दुसऱ्या दिवशी तो एम5 या तारकागुच्छाजवळून गेला. 200 एमएममध्ये शेपटीचा मोठा भाग आणि शेजारी तो गुच्छ, अशी फ्रेम सहज जमत होती.

टेलिस्कोपची बाजूही मांडायलाच हवी, कारण ती खरी आहे. केंद्रकाभोवतीच्या कोमात, म्हणजे वायू-धुळीच्या आवरणात, काय चाललंय ते लेन्स कधीच दाखवणार नाही. 1997 च्या हेल-बॉपच्या केंद्रकाभोवती एकात एक कमानी दिसत होत्या, 2023 मध्ये 12पी/पॉन्स-ब्रुक्सच्या उद्रेकांनंतर त्याला शिंगं फुटल्यासारखा आकार आला होता. हे टिपायला मोठी फोकल लेंग्थच लागते. 200 एमएममध्ये त्याचा एक हिरवट ठिपका होतो. दवाच्या बाबतीतही न्यूटोनियन बरा. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्यामुळे सहसा कोरडा राहतो. लेन्सची पुढची काच मात्र ऑक्टोबरच्या रात्री बघता बघता धुरकटते, तिच्याभोवती पॉवर बँकवर चालणारी हीटर पट्टी गुंडाळावीच लागते.

तरीही माझा कौल एका त्रासामुळे ठरला. तो त्रास ध्रुवताऱ्याचा.

धूमकेतू तेजस्वी होतो तो बहुधा सूर्याजवळ असताना. म्हणजे आपल्याला तो मिळतो संधिप्रकाशात, क्षितिजालगत. त्सुचिनशान-ॲटलस 12 ऑक्टोबरला, नेमक्या दसऱ्याला, पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, आणि त्या सुमारास सूर्यापाठोपाठ थोड्याच वेळात मावळत होता. आपल्या अक्षांशावर पश्चिमेचे तारे तिरके न जाता जवळपास सरळ खाली उतरतात, चार मिनिटांत एक अंश. धूमकेतू दहा अंशांवर असेल, तर वीस मिनिटांत निम्मी उंची गेली. उरलेली निम्मी समुद्रावरच्या धुरकट पट्ट्यात.

आता टेलिस्कोपच्या माउंटला पोलर अलाइनमेंट (फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखणं) हवी, आणि त्यासाठी ध्रुवतारा दिसायला हवा. रत्नागिरीहून ध्रुव जेमतेम 17 अंशांवर. उजेड ओसरल्याशिवाय तो दिसत नाही, आणि दिसला तरी कलमांच्या बागांच्या आणि धुरक्याच्या वर यायला हवा. पश्चिमेला धूमकेतू उतरतोय, आणि आपण उत्तरेकडे तोंड करून, मान वाकडी करून पोलर स्कोपमध्ये, म्हणजे माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, एक मंद ठिपका शोधतोय. त्यात इतक्या कमी अक्षांशावर अनेक माउंट्सचा काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. मग पाय फिरवा, पुन्हा लेव्हल करा. या सगळ्यात जातो तो वेळ मला सर्वांत जास्त सलतो, कारण त्या संध्याकाळी तेवढाच वेळ असतो.

ट्रॅकरला ध्रुवाची वाट बघावी लागत नाही, त्याचा अक्ष अंदाजाने उत्तरेकडे रोखला तरी भागतं. आपल्याकडे होकायंत्राचं उत्तर आणि खरं उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक असतो. सूर्य मावळायच्या आतच फोनचं होकायंत्र धरायचं (ट्रायपॉडपासून आणि गाडीपासून जरा लांब), अक्षाची उंची 17 अंशांवर लावायची, झालं. समजा उत्तर दोन अंशांनी चुकली. वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तारे फार तर दहा आर्कसेकंद (एका अंशात 3600) सरकतील. चार मायक्रॉन पिक्सेल धरले तर 135 एमएमवर ते दोन पिक्सेलसुद्धा नाहीत. 1000 एमएमवर तेच बारा पिक्सेल होतात, म्हणजे ठिपक्याऐवजी रेघ.

धूमकेतूची स्वतःची चालही मोजावी लागते. त्या आठवड्यात तो दिवसाला चार अंशांहून अधिक सरकत होता, म्हणजे मिनिटाला दहा आर्कसेकंदांच्या वर. 200 एमएमला एका मिनिटात दोन-तीन पिक्सेलांचा फरक, स्टॅकिंगमध्ये (अनेक फोटो एकावर एक जुळवताना) सहज सांभाळला जातो. टेलिस्कोपला एक्स्पोजर आखूड ठेवून धूमकेतूवर वेगळं आणि ताऱ्यांवर वेगळं स्टॅकिंग करावं लागतं. ज्यांना त्या कामाची गोडी आहे त्यांना मी अडवणार नाही, त्यांचे निकाल पाहून मलाही हेवा वाटतो.

एक गोष्ट कबूल करायला हवी. धूमकेतू रात्री उशिरापर्यंत उंचावर असेल, जानेवारी 2015 चा लव्हजॉय होता तसा, तर माझा हा सगळा युक्तिवाद बराच सैल पडतो. ध्रुव शोधायला हवा तेवढा वेळ मिळतो. गच्चीवर कायमचा खांब रोवून माउंट एकदाच लावून ठेवलेला असेल आणि पश्चिम मोकळी असेल, तरीही टेलिस्कोपच काढा. पण ऑक्टोबरात संध्याकाळी ढग कुठून उघडतील ते दुपारपर्यंत कळत नाही. 2024 मध्ये तर दसऱ्यानंतर चारच दिवसांनी कोजागिरी होती, चंद्र रोज मोठा होत होता. अशा वेळी दुचाकीवर पाठीला बॅग लावून दुसऱ्या सड्यावर जाता आलं तरच संध्याकाळ हाती लागते. आठ इंची नळी आणि वजनं घेऊन हे होत नाही.

हातात टेलिस्कोप असेल तर तो विकू नका. कोमासाठी ठेवा, आणि कॅमेरा ट्रॅकरवर चालू असताना बरोबर आलेल्या मुलांना त्यातून डोळ्यांनी बघू द्या. त्यासाठी अलाइनमेंट नसली तरी बिघडत नाही. पण पैसे एकदाच घालायचे असतील तर मी तरी ट्रॅकर आणि 135 एमएम सुचवेन. लेन्स जुनी, मॅन्युअल असली तरी चालेल. ऑटोफोकस तसाही बंदच ठेवायचा असतो. स्वाती दिसू लागली की लेन्सवर बहतिनॉव्ह मास्क (फोकस तपासायची खाचांची झाकणी) लावून तिच्यावर फोकस साधायचा, फोकस रिंगवर चिकटपट्टी मारायची, लेन्स एफ/2.8 वर आणायची आणि शटर सुरू करायचं.