टायरला करट उठलं त्यानंतर: स्वस्तातले चार टायर, चौदा महिने, १७,८०० किलोमीटर

आधी हिशेब सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. गाडी २०१७ची पेट्रोल स्विफ्ट, टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची). सप्टेंबर २०२४मध्ये चार नवे टायर घातले, एकेक ४,३५० रुपयांना. त्यावर आजपर्यंत १७,८०० किलोमीटर झाले. एक पंक्चर, फुगा (कडेला येणारं टेंगूळ) शून्य. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव घेतलं की टायर बाजूला राहतो आणि कंपनीवरून भांडण लागतं. टॅक्सीवाले ज्या मालाला पसंती देतात त्यातला टायर आहे, एवढं पुरे.

आता या खर्चाचं कारण. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते. आम्ही ५ तारखेला पुण्याहून निघालो, ताम्हिणीतून माणगावला उतरलो आणि मुंबई-गोवा हायवेला लागलो. लोणेऱ्याच्या पुढे अंधारून आलेलं, वर पाऊस, समोर एसटी. पाण्याखाली काय आहे ते एसटीच्या ड्रायव्हरला माहीत असणार, त्याने अलगद वळसा घेतला. मी नाही घेतला. डावं पुढचं चाक असं आपटलं की मागच्या सीटवरचे नारळ खाली घरंगळले. थांबून टॉर्च मारून पाहिलं. हवा होती, रिम शाबूत दिसत होती. निघालो.

माहेर गुहागरजवळ. सकाळी दादा दात घासत खळ्यात गाडीभोवती फिरला आणि तिथूनच ओरडला, ‘बाय, तुझ्या टायरला करट उठलंय बघ!’ रिमपासून दोन बोटं वर, टायरच्या कडेवर लिंबाएवढं टेंगूळ. तिथलं रबर ताणून गुळगुळीत झालेलं, आणि कंपनीच्या नावातलं एक अक्षर फुग्यावर लिहावं तसं पसरट झालेलं.

टायरच्या कडेत रबराच्या आत धाग्यांचे थर असतात. हवेचा जोर ते धरून ठेवतात, रबर नाही. खड्ड्याची धार आणि रिम यांच्या चिमटीत कड सापडली की धागे तुटतात आणि तिथे हवेला अडवायला नुसतं रबर उरतं. म्हणून फुगा. त्याला पॅच नाही, काही नाही. नाक्यावरचा पंक्चरवाला ‘अजून हजार किलोमीटर सहज जाईल’ म्हणाला. जाईलही, पण हजारातला नेमका कितवा किलोमीटर शेवटचा ते त्यालाही ठाऊक नव्हतं. माझी चूक वेगळीच. दादाने हवेचा गेज लावला तर उजव्या चाकात जेमतेम २४ पीएसआय हवा निघाली. डाव्यातही तेवढीच असणार. दोन महिने मी हवा बघितली नव्हती. हवा कमी असली की टायर खड्ड्यात जास्त चेपतो आणि चिमटा जोरात बसतो. हायवेला शिव्या देऊन झाल्यावर हे मुकाट्याने कबूल केलं. (एमआरएफची सुरुवात १९४६मध्ये मद्रासला खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाली. माझा टायर त्यांचा नव्हता, पण दादाला हे सांगितल्यावर त्याला जे हसू फुटलं ते आरतीपर्यंत टिकलं.)

स्टेपनी बाहेर काढली. ती गाडीबरोबर आलेली, सात वर्षांत रस्त्याला न लागलेली. खाचा अगदी नव्यासारख्या, पण हवा जेमतेम आणि कडेला केसाएवढ्या बारीक चिरा. नुसतं पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं. हवा भरून तीच लावली. पण परतीचे अडीचशे किलोमीटर स्टेपनीशिवाय, तेही गणपतीच्या गर्दीत? म्हणून चिपळूणला एका टायरवाल्याकडून जुना टायर घेतला, १,४०० रुपयांना.

यात मी फसले. कशी, ते पुण्यात आल्यावर दुकानातल्या पोराने दाखवलं. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्या रेषेत खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटरचा रबराचा उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की तो संपला. माझ्या टायरवर त्रिकोण होता, उंचवटा नव्हता. पोराने माझंच बोट धरल्यासारखं करून ते खाचेतून फिरवायला लावलं. तळ खडबडीत, पात्याचे ओरखडे हाताला लागत होते. गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरल्या होत्या आणि त्यात उंचवटाही कापला गेला होता. म्हणजे खोल दिसत होतं ते धाग्यांवरचं उरलंसुरलं रबर. मग त्याने चाक उलटं केलं. तारखेचे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू रिमच्या आतल्या अंगाला बसवलेली होती. आकडे होते ३४१५. २०१५ सालचा ३४वा आठवडा. माझ्या जुन्या टायरपेक्षाही म्हातारा! नशीब, तो डिकीतून बाहेर काढायची वेळ आली नाही.

फुगा एकाच टायरला होता, तरी चारही बदलायचं ठरवलं, कारण बाकीचे तीनही २०१७चेच. ज्यांना दोनच परवडतात त्यांच्यासाठी: दुकानदार नवे टायर पुढे घालतो, कारण इंजिनाचा जोर तिथे आणि झीजही तिथे. टायर कंपन्या मात्र मागे घाला म्हणतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सावरता येते. मागची सरकली की गाडी गर्रकन फिरते. मला हे पटतं.

पहिल्या दुकानात भाव विचारला तर मालक म्हणाले, ‘साहेबांना विचारून फोन करा ना मॅडम.’ साहेबांना गाडीचा टायर साइज माहीत नाही, पण ते असो. मी बाहेर पडले. दुसऱ्याकडे माझा साइज शिल्लक नव्हता. त्याने १७५/७० घ्या म्हणून फार आग्रह केला, ‘रुंद आहे, रोडग्रिप वाढेल.’ कागदावर मांडलं. १६५चे ८० टक्के म्हणजे कडेची उंची १३२ मिलिमीटर. १७५चे ७० टक्के म्हणजे १२२.५. गाडी साधारण एक सेंटिमीटरने खाली बसणार, आणि खड्डा झेलणारी कडही तेवढीच तोकडी होणार. ज्या बाईचा टायर खड्ड्याने घालवला तिला हा सल्ला! स्पीडोमीटरही थोडा जास्त दाखवू लागला असता, ते वेगळंच.

तिसऱ्या दुकानात घेतले. महागातला टायर ५,७०० सांगितला होता, म्हणजे चारांमागे ५,४०० वाचले. घेताना तारीख स्वतः वाचली (२३२४, तीन महिन्यांचाच माल) आणि ८५टी हा आकडा जुन्या टायरशी जुळवला. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो वजन, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत. टायरात हवेऐवजी नायट्रोजन भरतात, तो नको म्हटलं. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे (चाकं सरळ आणि समतोल करण्याचे) ९०० मात्र निमूट दिले, आणि बरं झालं. आपटलेल्या डाव्या चाकाची रिम मशीनवर फिरताना हलकीशी लचकत होती. ती ठोकून सरळ केली. वॉरंटीबद्दल खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती माल सदोष निघाला तर. खड्ड्याने आलेला फुगा त्यात बसत नाही.

आता चालवून काय वाटलं ते. पहिले पाचशे किलोमीटर स्टिअरिंग जरा जड. नंतर सवय झाली की खरंच हलकं झालं, सांगता येत नाही. आवाज आहे. डांबरावर नाही, काँक्रीटवर. ऐंशीच्या पुढे खालून ‘घूं’ असा एकसुरी आवाज सुरू होतो. गाणी लावली की जातो, झोपलेली आई मागे असली की जात नाही. मायलेज पूर्वी हायवेला साडेअठराच्या आसपास मिळायचं, आता अठरा. जुने टायर झिजलेले होते, झिजलेला टायर हलका फिरतो, त्यामुळे सगळा दोष नव्यांच्या माथी मारत नाही.

खरी उणीव ओल्या रस्त्यावर. हे टायर जास्त चालावेत म्हणून रबर कडक असतं, आणि कडक रबर ओल्यात तितकं चिकटून धरत नाही. २०२५च्या जुलैत ताम्हिणीच्या उतारावर एका वळणानंतर म्हशी आडव्या आल्या. ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण माझ्या अंदाजापेक्षा हातभर पुढे. शेवटच्या म्हशीने काचेतून शांतपणे माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून पावसात पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवते. रोज घाटातून जा-ये असती तर मी ते ५,४०० वाचवले नसते.

झिजेच्या बाबतीत मात्र तक्रार नाही. नवे असताना खाच ७.८ मिलिमीटर भरली होती. दहा हजारांवर पुढचे मागे, मागचे पुढे केले. गेल्या रविवारी मोजलं तर पुढे ५.७, मागे ६.३. या चालीने पन्नास हजार तरी सहज व्हावेत. पंक्चर झालं ते मधल्या भागात, खिळ्याने. बाहेरून दोरी कोंबण्याऐवजी टायर उतरवून आतून मशरूम पॅच (देठ भोकात बसणारं छत्रीसारखं ठिगळ) मारून घेतला. सात महिने झाले, हवा टिकून आहे. हवेचं म्हणाल तर पंपावरची मुलं सगळ्यांना सरसकट ३५ भरतात, म्हणून स्वतःचा गेज घेतला आणि दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढीच ठेवते. दर पंधरवड्याला, सकाळी, टायर गार असताना. २०२५मध्ये २७ ऑगस्टच्या गणपतीलाही त्याच रस्त्याने गेले. खड्डे होते. चारही टायर धड परत आले.

एक चुटपुट राहिली होती, स्टेपनीची. चार नवे घेताना पैसे संपले आणि ती २०१७चीच डिकीत परत गेली. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा आधी स्वतःवर चरफडले आणि मग त्याच दुकानात पाचवा टायर घेतला, ४,००० रुपयांना. पोराने जुनी स्टेपनी उतरवली, नव्याची तारखेची बाजू न सांगता बाहेर ठेवली आणि विचारलं, ‘मॅडम, तो चिपळूणचा टायर काय केला?’ तो आता गुहागरला आहे. दादाने त्यात माती भरून अळू लावलंय.