हॅण्डलच्या थरथरीचे 6,850 रुपये घेतले, कोनसेट जुनाच ठेवला

जुन्या 100 सीसी गाडीचं हॅण्डल 50 वरून 40 वर येताना थरथरायला लागलं की पहिला संशय टी कोनवर (हॅण्डल ज्यावर फिरतं ते गोळ्या-वाट्यांचं बेअरिंग) जातो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. म्हणूनच लुटणाऱ्याला हे दुखणं सोयीचं. कोन बाहेरून दिसतच नाही.

हायवेलगतच्या एका गॅरेजने लावलेले पैसे असे: कोनसेट 780, शॉकपचे (पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचे) दोन पाइप 2,900, ऑइल सील 240, शॉकप ऑइल 320, पुढची व्हील बेअरिंग 360, रिमचा आउट (डोलणं) काढणे 250, मजुरी 2,000. एकूण 6,850. यातलं खरोखर झालेलं काम एकच: वरचा नट आवळला.

दुसऱ्या गॅरेजात गाडी उघडली तेव्हा वाट्या जुन्याच निघाल्या, मधोमध खळगे पडलेल्या. खालच्या वाटीत ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. 'नव्या' पाइपांवरचे गंजाचे टिपके जागेवरच पॉलिश पेपरने घासलेले, सील कडक झालेले जुनेच. खरा खर्च निघाला कोनसेट 480, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश 220, मजुरी 450. म्हणजे 1,150 रुपये!

किनाऱ्यालगतच्या गाड्यांना हे होणारच. खारी हवा, चार महिने पाऊस, वर वॉशिंगवाला प्रेशरचं पाणी थेट हेडलाइटच्या मागे मारतो (त्याला तिथे मारू देऊ नका). पाणी आत जाऊन ग्रीस बिघडतं. गाडी बहुतेक वेळ सरळ धावते, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे दणके गोळ्या वाटीच्या त्याच त्याच जागी देतात आणि तिथे खळगे पडतात. असा कोन नुसता आवळला की थरथर दबते आणि टेस्ट राइडला गाडी लोण्यासारखी जाते. पण आवळलेल्या कोनावर हळू वेगात गाडी सरळ राहत नाही, डावी-उजवी झुलते. गोळ्या खळग्यांत आणखी रुततात, कोन पुन्हा ढिला होतो आणि थरथर पहिल्यापेक्षा वाईट होऊन परत येते.

दिसायला हवं होतं ते गाडी ताब्यात घेतानाच. खालच्या टीच्या (दोन्ही शॉकप धरणाऱ्या खालच्या जोडाच्या) कोपऱ्यात लाल माती सुकून तशीच बसलेली होती. कोन बदलायचा तर पुढचं चाक, दोन्ही शॉकप, हॅण्डल आणि वरची प्लेट उतरवावी लागते, खालची टी हातात येते. ती हातात आली असती तर माती राहिली असती का? शॉकप आवळणाऱ्या बोल्टांवरचा गंजही अखंड होता, पान्ह्याची एक खूण नाही. सगळं डोळ्यांसमोर! पण पाऊस, अंधारून आलेलं, दाभोळची फेरीबोट गाठायची, आणि समोर "साहेब, चालवून तर बघा" म्हणून चावी पुढे करणारा माणूस. अशा वेळी कोण वाकून टॉर्च मारतं? गाडी मुद्दाम अशाच वेळी देतात. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला घेऊन गेला". हे वाक्य ऐकलं की पैसे खिशातच ठेवा.

गाडी गॅरेजला देण्याआधी घरी तपासा. टायरची हवा आणि झीज आधी बघा. मग मेन स्टँडवर लावून एकाला मागून दाबायला सांगा, पुढचं चाक अधांतरी हवं. शॉकपची खालची टोकं धरून पुढे-मागे ढकला: टक् असा झटका हॅण्डलच्या मुळाशी लागला तर कोन ढिला. हॅण्डल हळूहळू फिरवा: मधोमध अडकून बसलं तर वाटीत खळगे, तो कोन बदलायचाच. सरळ धरून जरासा धक्का दिला की हॅण्डल आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. मध्येच थांबलं तर कोन जास्त आवळलेला, किंवा केबल ताणलेली. चाक दोन बाजूंनी धरून हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग. शॉकपला काडी बांधून चाक फिरवा, रिम 2 मिमीहून जास्त डोलली तर चाकाच्या तारा बघा. शेवटी मागचं चाक आडवं हलवा. चिमटा हलला तर बुश गेलेत, आणि पुढे कितीही खर्च केलात तरी गाडी डोलणारच. मागच्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या नसल्या तरी तेच.

तक्रारीचं काय झालं? पोलिसांनी अर्जच घेतला नाही, "हा दिवाणी मामला". परिवहन कार्यालयात उत्तर, "गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही". तिथून पुन्हा पोलीस. तिथे आता साहेब बंदोबस्तावर. उघडलेल्या वाट्या पिशवीत घालून टेबलावर ठेवल्या, तर एकाने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. "बिल पक्कं आहे का?" एवढंच विचारलं. कच्चं बिल देणाऱ्याला कोणी विचारत नाही, घेणाऱ्यालाच सगळे विचारतात. 6,850 रुपये म्हणजे या लोकांना किरकोळ!

कागद कच्चा असला तरी त्यावर गाडीचा नंबर आणि गॅरेजवाल्याची सही घ्या, पैसे यूपीआयने द्या. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद होते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत 2 वर्षं. दुसऱ्या मेकॅनिककडे कोन उघडताना सलग व्हिडिओ काढा, नंबर प्लेटपासून वाटी बाहेर येईपर्यंत, मध्ये न थांबवता.